जुन्या ट्रकचा पंप वाढवायचाय? मग आधी एवढं करून घ्या

पंप थोडा वाढवून द्या राव, गाडी चढाला मरते. पंपवाल्याच्या दुकानात तासभर बसलात तर हे एकदा तरी ऐकायला मिळतंच, आणि ऊसाचा सीझन तोंडावर आला की मग विचारूच नका, लाईन लागते. पंप म्हणजे इंजिनला डिझेल मारणारा पंप, आणि तो वाढवायचा म्हणजे दर वेळी तो देतो ते डिझेल वाढवायचं. बरेच पंपवाले पण काय करतात, दुसरं काही न बघता स्क्रू फिरवतात, गाडी काळा धूर ओकत निघून जाते, ड्रायव्हर खूश, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी हेड खोलून कुठल्यातरी गॅरेजात उभी दिसते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, पंप वाढवायला माझा विरोध नाही, पण त्याची एक पद्धत असते आणि ती पद्धत नव्वद टक्के पंपाच्या बाहेरच आहे.

पहिलं हे कुठल्या गाड्यांसाठी ते सांगतो. इनलाइन मेकॅनिकल पंपाच्या गाड्या, म्हणजे टाटाच्या जुन्या १६१२, १६१३, २५१५ वगैरे, लेलँडच्या त्याच काळातल्या, ज्यांच्यावर मायकोचा लांबट पंप आणि मागे गव्हर्नर, म्हणजे आरपीएमवर ताबा ठेवणारा भाग, असतो. मायको म्हणजेच आताची बॉश, २००८ ला नाव बदललं, पण आपल्याकडे पंपाला अजून मायकोच म्हणतात आणि नाशिकला तर चौकालाही मायको सर्कलच म्हणतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सिक्स गाड्यांना यातलं काहीच लागू नाही, तिथे कॉमन रेल आहे, डिझेल किती मारायचं ते ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, पाना लावायला जागाच नाही. कोणी लॅपटॉप घेऊन मॅप बदलून देतो म्हणत असेल तर तो वेगळा विषय आणि वेगळी डोकेदुखी, त्यात पडू नका.

आता मूळ गोष्ट. पंप पॉवर देत नाही, पंप फक्त डिझेल देतो. पॉवर डिझेल जळल्यावर मिळते आणि जळायला हवा लागते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, म्हणजे एका लिटरला हिशोब केला तर कमीत कमी दहा हजार लिटर हवा, आणि ही कागदावरची गोष्ट झाली, प्रत्यक्षात डिझेल इंजिनात सगळी हवा डिझेलपर्यंत पोचत नाही म्हणून वीस किलोच्या आसपास हवा नसेल तर धूर दिसायला लागतो. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी मारलीच नाही तर काय होतं, तेच. विदर्भात मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा २५ डिग्रीच्या मानाने सहा टक्के विरळ असते, त्यामुळे जी गाडी थंडीत स्वच्छ चालते तीच उन्हाळ्यात धूर काढते, पंपाला कोणी हातही लावलेला नसताना.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, नसलेली गाडी असेल तर सरळ सांगतो, पंप वाढवू नका. तिथे जास्तीची हवा आणायची कुठून? कंपनीने जेवढं डिझेल ठरवलंय ते धुराच्या काठावरच ठरवलेलं असतं. तिथे फक्त गेलेली पॉवर परत आणता येते, नवीन मिळत नाही. टर्बोवाल्या गाडीला थोडी जागा असते, आणि ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असेल तर अजून थोडी.

गेलेली पॉवर आधी शोधा

हा भाग कंटाळवाणा आहे पण खरं काम इथेच होतं. बऱ्याच गाड्यांना पंप वाढवायची गरजच नसते, काहीतरी अडकलेलं असतं.

सगळ्यात आधी, फुकटातलं काम. एकाला केबिनमध्ये बसवा, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही पंपाजवळ उभं राहून लिव्हर फुल स्टॉपला टेकतोय का बघा. हसू नका, पेडलखाली जाड मॅट, लिंकेजचे बॉल जॉइंट ढिले, केबल ताणलेली, आणि लिव्हर शेवटपर्यंत जातच नाही, अशा गाड्या ढिगाने आहेत. बोटभर लिव्हर कमी फिरत असेल तर चढाला गाडी मरणारच, आणि मालक पंपाला शिव्या घालतोय.

मग हवा. एअर फिल्टर काढून बघा, नुसता झटकून परत लावलेला फिल्टर हा फिल्टर नव्हे, आणि कॉम्प्रेसरच्या प्रेशरने आतून-बाहेरून हवा मारून मारून कागदाला बारीक भोकं पडलेली असतील तर त्यातून धूळ टर्बोच्या ब्लेडवर जाते. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतची होज आणि क्लॅम्प बघा. फुटलेली होज बंद इंजिनावर दिसत नाही, फट दाबानेच उघडते, म्हणून लोडवर फुस्स असा आवाज येतो का ऐका, होजच्या बाहेर काळा तेलकट डाग आहे का बघा, साबणाचं पाणी लावून आतून थोडी हवा भरली की बुडबुडे येतात. इंटरकूलरच्या जाळीत ऊसाचा पाचोळा, किडे, चिखल असं सगळं असतं, तो पाण्याने धुवा, पण प्रेशर गनचा फवारा जवळून मारून नाही, त्याच्या पात्या आडव्या होतात.

डिझेलची बाजू. दोन्ही फिल्टर बदला, टाकीतली जाळी बघा, फीड पंपाच्या बॅन्जो बोल्टखाली तांब्याचे वॉशर नवीन टाका. फीड पंपाकडे येणाऱ्या लाईनमध्ये हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला तर त्यात बुडबुडे पळताना स्पष्ट दिसतात, म्हणजे सक्शनला हवा ओढतीये. बाहेर डिझेल टपकत नाही म्हणजे लीक नाही असं नसतं, सक्शन साइडला डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्वची फट, फिलर गेजने तपासा. ब्रेक ड्रम, गाडी थोडी चालवून आणल्यावर चारही बाजूंना हाताची पाठ जवळ नेऊन, एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर ब्रेक चिकटतोय. क्लच स्लिप होत असेल तर आरपीएम वाढतो आणि गाडी पळत नाही, त्यात पंप वाढवला तर प्लेट आठवड्यात जळते.

आणि एक जिन्नस जो लोक विसरतात, एलडीए. टर्बो गाडीच्या गव्हर्नरवर एक गोल डबी असते, इनलेट मॅनिफोल्डपासून तिला एक बारीक पाइप येतो. टर्बोने दाब बनवला की आतला रबरी डायफ्रॅम दबतो आणि पंपाच्या रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, अजून पुढे जाऊ देतो, म्हणजे हवा आली की मगच जास्त डिझेल. हा डायफ्रॅम फाटला किंवा तो बारीक पाइप तुटला, काजळीने बुजला, तर पंप कायम बिनटर्बोच्या मापाने डिझेल देत राहतो. लक्षण अगदी ठरलेलं, धूर अजिबात नाही, टर्बोची शिट्टी येतीये, पण गाडी मेल्यासारखी चालते. ज्याची गाडी धूर न काढता मरते त्याने सगळ्यात आधी हा पाइप काढून फुंकून बघावा. याउलट काळा धूर काढून मरत असेल तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी आहे किंवा सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे नोझल गेलेत, आणि तिथे पंप वाढवणं म्हणजे दुखण्यावर अजून मार.

नोझल सगळे काढून टेस्टरवर चढवायचेच, यात कंजूषी नको. फवारा धुक्यासारखा आणि सगळ्या भोकांतून सारखा हवा, टोकाला थेंब लोंबायला नको. टपकणारा नोझल पिस्टनवर एकाच जागी जाळ सोडतो आणि पंप वाढवलेला असेल तर त्या जागी भोक पाडायला त्याला एक घाट पुरतो. टेस्टरवर काम करताना फवाऱ्यासमोर हात कधीच नेऊ नका. दोनशे बारच्या वरचा दाब आहे, डिझेल कातडीतून आत शिरतं, बाहेरून नुसती सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फार, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच मिनिटाला हॉस्पिटल, आणि डॉक्टरला सांगायचं की प्रेशरचं डिझेल आत गेलंय.

एवढं सगळं करून गाडी चालवून बघा. निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं.

मीटर लावल्याशिवाय स्क्रूला हात नाही

दोन मीटर लागतात. एक बूस्ट गेज, टर्बोचा दाब दाखवणारा. दुसरा एक्झॉस्टचं टेम्परेचर दाखवणारा, त्याचा के टाइप थर्मोकपल टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून बसवायचा. टर्बोच्या नंतर सायलेन्सर पाइपला लावला तर आकडा बराच कमी दिसतो, शंभर डिग्री किंवा त्याच्याही वर फरक पडतो, आणि तुम्ही गाफील राहता. मॅनिफोल्डला भोक पाडताना तो काढून बाहेर घ्या, नाहीतर लोखंडाचा कीस थेट टर्बोत जातो. जागेवरच पाडतात लोक, ड्रिलला ग्रीस लावून, मला ते पटत नाही.

आकडा लक्षात ठेवायचा तो असा. सलग चढाला टर्बोआधी ६५० डिग्रीच्या आसपास ठीक, ७०० च्या वर एक क्षणही चालवायचं नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि पिस्टनचा मिश्रधातू तर त्याच्या आधीच मऊ पडतो. मग ६५० ला पिस्टन टिकतो कसा, तर गरम वायू लागतो आणि लगेच पुढच्या स्ट्रोकला थंड हवा येते, खालून ऑइल थंड करत असतं. पण हा तोल आहे, भरपूर जागा ठेवून केलेला हिशोब नाही.

पंप न फिरवता आधी एक फेरी मारा, नेहमीचा लोड, नेहमीचा घाट. समजा तुमची गाडी पुण्याहून साताऱ्याला जाते तर खंबाटकीचा चढ चांगला. कितव्या गिअरला, किती आरपीएमला, बूस्ट किती, टेम्परेचर किती, पाण्याचा काटा कुठे, मागे धूर कसला, सगळं वहीत. शेजारी बसलेल्याने लिहायचं, ड्रायव्हरने नाही. स्क्रू फिरवायच्या आधीच टेम्परेचर ६५० ला टेकत असेल तर विषय संपला, त्या गाडीला वाढवायला जागा नाही, दोष शोधा किंवा लोड कमी करा.

किती वाढवायचं याचा हिशोब

१३० हॉर्सपॉवरचं सहा सिलेंडरचं इंजिन धरा, २४०० आरपीएम. प्रत्येक सिलेंडरला दोन फेऱ्यांत एकदा डिझेल, म्हणजे मिनिटाला १२००, सहांना मिळून ७२००, तासाला ४ लाख ३२ हजार वेळा. फुल लोडला असं इंजिन तासाला साधारण २५-२६ लिटर खातं. भागाकार केला की एका वेळेला येतं ६० घन मिलिमीटर, पाण्याचा एक थेंब असतो ना, जेमतेम तेवढं. पंप तपासायच्या बेंचवर हे हजार स्ट्रोकला ६० सीसी असं मोजतात. हा समजण्यापुरता हिशोब आहे, तुमच्या पंपाचा खरा आकडा त्याच्या नंबर प्लेटवरून कॅलिब्रेशन चार्टमध्ये मिळतो आणि बेंचवाल्याकडे तो चार्ट असायलाच हवा. नसेल तर दुसरा बेंचवाला बघा.

आता दहा टक्के वाढवायचं म्हणजे ६० चे ६६. थेंबाचा दहावा हिस्सा. म्हणूनच रस्त्यावर पाना घेऊन "अर्धा फेरा मारतो" म्हणणाऱ्याच्या हाती पंप देऊ नये, अर्ध्या फेऱ्यात किती सीसी वाढलं ते त्यालाही माहीत नसतं. माझं मत विचाराल तर टर्बो गाडीला सात-आठ टक्के, फार तर दहा. त्याच्या वर गेलं की टर्बो, रेडिएटर, हेड गॅस्केट, क्लच, गिअरबॉक्स, क्राउन पिनियन सगळ्यांचा हिशोब बदलतो आणि मग दुसरी गाडी घेतलेली परवडते.

पंप बेंचवर

पंप काढायच्या आधी टायमिंगच्या, म्हणजे डिझेल कधी मारायचं त्या वेळेच्या, खुणा करून ठेवा. पहिला सिलेंडर कंप्रेशनला आणा, फ्लायव्हीलची खूण जुळवा, कपलिंगवर आणि फ्लँजवर छिन्नीने बारीक रेघ. पाइप काढल्या काढल्या तोंडं बंद करा, चिंधीने नाही, टोप्या लावा. चिंधीचा एक धागा डिलिव्हरी व्हॉल्वखाली अडकला की तो सिलेंडर मिस मारतो आणि मग शोधत बसा.

बेंचवर काय होतं ते एकदा उभं राहून बघाच. मोटर पंप फिरवते, डिझेलऐवजी टेस्ट ऑइल असतं, ४० डिग्रीच्या आसपास गरम केलेलं, आणि समोर काचेच्या सहा नळ्या, प्रत्येकीवर सीसीच्या रेघा. हजार स्ट्रोक झाले की फ्लॅप बंद होतो आणि सहा नळ्यांत सहा उंच्या दिसतात. न बघितलेला पंप असेल तर एक नळी ६२ वर, दुसरी ५५ वर, एखादी ६८ वर. फेस बसू द्यायचा, मग डोळा रेघेच्या सरळ आणून वाचायचं. मालकाला हे दाखवलं की त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, कारण ६८ वाला सिलेंडर आधीच जादा खातोय, आता सरसकट दहा टक्के वाढवलं की तो ७५ च्या जवळ जाणार आणि जळणार तोच. म्हणून वाढवायच्या आधी सहा लाईनी सारख्या करायच्या. ए टाइप पंपात बाजूचं झाकण काढून प्रत्येक एलिमेंटच्या (म्हणजे त्या-त्या सिलेंडरचं डिझेल दाबणाऱ्या भागाच्या) स्लीव्हचा क्लॅम्प स्क्रू ढिला करून किंचित फिरवतात, पी टाइपमध्ये वरून फ्लँज फिरवतात. दोन्ही कामं बेंचवरचीच, गाडीवर असताना त्या स्क्रूंना हात लावणाऱ्याला पुढच्या वेळी गाडीजवळ उभं करू नका. एलिमेंट झिजलेले असतील, म्हणजे स्टार्टिंगच्या कमी आरपीएमला नळीत फारच कमी येत असेल, तर एलिमेंट बदला. झिजलेल्या पंपाचा स्क्रू वाढवून काढलेली पॉवर फक्त वरच्या आरपीएमला असते, खाली चढाला काहीच हाती लागत नाही.

सहा लाईनी जुळल्या की मग फुल लोड स्टॉप. तो गव्हर्नरच्या मागच्या बाजूला असतो, मॉडेलप्रमाणे झाकणाच्या आत किंवा टोपीखाली लॉकनट असलेला स्क्रू. रॅक पुढे किती जाऊ शकतो ते हा ठरवतो. आधी व्हर्नियरने स्क्रूची बाहेरची लांबी मोजून लिहा, रंगाचा ठिपका लावा, मग फिरवा, नळी बघा, परत फिरवा. फिरवायची दिशा सगळ्या गव्हर्नरला एकच नसते, नळी काय सांगते ते खरं.

मॅक्स स्पीडचा स्क्रू मात्र वेगळा, तो लिव्हरजवळ बाहेरच दिसतो आणि म्हणूनच सगळ्यांचा हात तिथेच जातो. तो फिरवला की इंजिन जास्त आरपीएमला पळतं, टॉर्क काडीचा वाढत नाही. उतारावर कधीतरी व्हॉल्व पिस्टनला भेटतो किंवा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्याला हात लावायचा नाही, बेंचवर कट ऑफ, म्हणजे गव्हर्नर जिथे डिझेल तोडतो तो आरपीएम, मूळ आकड्यावरच आहे ना ते उलट तपासून घ्यायचं.

एलडीएची स्प्रिंग हा तिसरा भाग. ती नरम केली की कमी बूस्टला जास्त डिझेल, पिकअप छान वाटतो, पण टर्बो जागा व्हायच्या आधी डिझेल पोचतं आणि प्रत्येक गिअरला काळा ढग. अगदी थोडी हलवा, किंवा नकाच हलवू. शहरात चालणाऱ्या गाडीला तर नकोच.

काम झालं की बेंचवाल्याकडून कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे, आयडल, फुल लोड, कट ऑफ, स्टार्टिंग. आणि स्क्रूंना तार घालून शिशाचं सील मारून घ्या. ड्रायव्हर बदलतात, प्रत्येकाला वाटतं अजून थोडं वाढवावं.

बसवणं आणि पहिला स्टार्ट

टायमिंग पुस्तकातल्या आकड्यावर, ना पुढे ना मागे. पहिल्या लाईनचा डिलिव्हरी व्हॉल्व आणि स्प्रिंग काढून, वाकडी नळी लावून, हॅन्ड प्रायमरने दाब देत इंजिन हळूहळू फिरवायचं, धार तुटून थेंब थेंब होतो आणि थांबतो तिथे टायमिंग. टायमिंग पुढे ओढलं तर पॉवर वाढल्यासारखी वाटते, पण सिलेंडरमधला दाब पिस्टन वर येत असतानाच वाढतो, बेअरिंग आणि गॅस्केटवर मार बसतो. डिझेल वाढवलंय तर टायमिंग वाढवू नका, एका वेळी एकच गोष्ट. मागे पडलेलं टायमिंग पण वाईट, डिझेल उशिरा जळतं आणि सगळी आग एक्झॉस्टला जाते. कपलिंग झिजलं असेल तर टायमिंग आपोआप मागे पडतं, ते हलवून बघा.

पाइप जोडताना पंपाची पहिली लाईन पहिल्या सिलेंडरला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी तिसऱ्याला असं, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ इनलाइन पंपाच्या कॅमशाफ्टमध्येच बसवलेली असते. हवा काढा, आधी फिल्टर, मग पंप, मग इंजेक्टरचे नट.

स्टार्ट करायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं. रॅक अडकला, गव्हर्नर चुकीचा जोडला गेला, तर इंजिन स्टार्ट होताच स्वतःहून पळत सुटतं आणि चावी बंद करून काही होत नाही. त्यामुळे स्टॉपर केबल ओढल्यावर पंपाचा स्टॉप लिव्हर पूर्ण फिरतो का ते बंद इंजिनावर बघा. एअर इनटेकची पाइप मोकळी ठेवा आणि एक जाड सपाट फळी घेऊन माणूस तिथे उभा करा, इंजिन पळालं की त्याने फळी तोंडावर दाबायची. हात नाही, कापड नाही, दोन्ही आत ओढले जातात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, केबिन उचललेली असेल तर तिचा लॉक नीट लागलाय का दोनदा बघा, नुसत्या हायड्रॉलिकवर विश्वास ठेवून केबिनखाली डोकं घालायचं नाही.

घाटात बघायचं काय

तोच लोड, तोच घाट, तोच गिअर, वही हातात. बूस्ट थोडा वाढलेला दिसला, टेम्परेचर वीस-तीस डिग्री वर गेलं आणि तिथे थांबलं, गिअर टाकताना मागे हलका राखाडी धूर येऊन लगेच साफ झाला, तर बसलं. टेम्परेचर चढतच राहिलं आणि बूस्ट जागेवर, तर डिझेल जास्त आणि हवा संपली, घरी येऊन स्टॉप मागे घ्या. सलग काळा धूर असेल तर टेम्परेचर बघायची पण गरज नाही, ते न जळलेलं डिझेल आहे, तुमचे पैसे सायलेन्सरमधून जातायत.

ड्रायव्हरला एक सवय बदलायला सांगावी लागते. वाढवलेली गाडी वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला ओढत ठेवायची नाही. १२००-१३०० वर फुल पेडल देऊन घरघर करत चढवली की टर्बोकडे एक्झॉस्ट पुरेसा नसतो, हवा कमी, डिझेल मात्र भरपूर, सगळ्यात जास्त उष्णता तिथेच होते. एक गिअर खाली घ्या, आरपीएम १८००-२००० ला ठेवा, टेम्परेचर डोळ्यादेखत खाली येतं. घाट चढून ढाब्यावर थांबलात की दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या, लगेच बंद केलं की टर्बोच्या शाफ्टवरचं ऑइल जागेवर जळतं.

पंधरा दिवसांनी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा डिझेलचा वास आला तर जादा डिझेल भिंतीवरून खाली उतरतंय, लायनर धुतला जातोय. एव्हरेज पण लिहित जा, त्याच फेरीला. सात-आठ टक्के वाढवलेल्या आणि नीट जुळवलेल्या पंपाची एव्हरेज फारशी पडत नाही, कधी कधी लाईनी सारख्या झाल्यामुळे सुधारते पण. धाडकन पडली तर कुठेतरी चुकलंय.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे, आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, लायसन्सही तीन महिने अडकतं. बीएस फोरच्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा २.४५ आहे, बीएस फोरला १.६२. म्हणजे पंपाला चार्टमधल्या आकड्यावर आणून गेलेली पॉवर परत मिळवणं हे सर्व्हिसिंग झालं, त्यात काही भ्यायचं कारण नाही. चार्टच्या वर गेलात की ती जबाबदारी तुमची, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला नेमकं हेच शोधेल. आणि वाढवलेल्या पॉवरच्या भरवशावर जादा माल भरणार असाल तर ओव्हरलोडला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, शिवाय ब्रेक तेच जुने आहेत, ते कोणी वाढवलेले नाहीत.

पंप बसवून झाल्यावर पीयूसी करून घ्या, जुनी संपलेली नसली तरी. धुराचा आकडा कागदावर येतो, तो बेंचच्या कागदाला टाचून गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी गाडी परत मरायला लागली की पंपवाल्याला आधी ते दोन कागद दाखवायचे आणि विचारायचं, आता नळीत किती येतंय.